परराष्ट्र व्यवहारांचे शिक्षण आणि परराष्ट्र सेवेची परीक्षा

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदव्युत्तर पदवी घेणारा विद्यार्थी पुढेमागे मुत्सद्दी होईल, निदान परराष्ट्र धोरणाच्या आखणीत त्याचा कुठे ना कुठे हात लागेल, अशी समजूत सर्रास आढळते आणि प्रवेशअर्ज भरताना ती बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनातही असते. वैद्यकाच्या पदवीचे रुग्णालयाशी किंवा कायद्याच्या पदवीचे न्यायालयाशी जे नाते असते, तेच या पदवीचे परराष्ट्र खात्याशी असणार, असे गृहीत धरले जाते. भारतात तसे नाते नाही, आणि त्याला कारणे आहेत. स्वातंत्र्याच्या आगेमागच्या दहा वर्षांत या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण आणि या विषयाचा प्रमुख व्यवसाय, म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवा, ही दोन्ही दिल्लीतच जन्माला आली, पण एकमेकांकडे पाठ करून वाढली. या दुराव्याची किंमत अभ्यासाने मोजली, सेवेनेही मोजली. सर्वांत अधिक मात्र ती मोजतो तो पंचविशीतला पदवीधर, ज्याच्या हाती जगाविषयीचे सिद्धान्त असतात, पण ज्याला जगातल्या एकाही देशाची भाषा, कायदा किंवा हिशेब नीट येत नाही.

हा विषय स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून उभा राहिला तो पहिल्या महायुद्धानंतर. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे 1919 साली आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. डेव्हिड डेव्हिस या उद्योजक-राजकारण्याने त्यासाठी पैसा दिला, अध्यासनाला वुड्रो विल्सन यांचे नाव देण्यात आले आणि आल्फ्रेड झिमर्न हे तेथील पहिले प्राध्यापक झाले. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाने परराष्ट्र सेवेची शाळा काढली. येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे, कारण अमेरिकेची एकसंध व्यावसायिक परराष्ट्र सेवा रॉजर्स कायद्याने अस्तित्वात आली ती 1924 साली, म्हणजे शाळा आधी निघाली आणि सेवा पाच वर्षांनी आली. जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या सावलीत 1927 मध्ये पदव्युत्तर संस्था उभी राहिली, 1933 मध्ये अमेरिकेत फ्लेचर स्कूल निघाले, आणि दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, 1943 मध्ये, पॉल नित्झे आणि ख्रिश्चन हर्टर यांनी वॉशिंग्टनमध्ये जी शाळा स्थापन केली ती पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सामील झाली. हर्टर स्वतः 1959 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. खात्यातून वर्गात आणि वर्गातून खात्यात अशी ये-जा या संस्थांच्या घडणीतच होती. ज्या ई. एच. कार यांचे आंतरराष्ट्रीय राजकारणावरील विवेचन आजही अभ्यासक्रमांत वाचले जाते, ते ॲबरिस्टविथच्या अध्यासनावर येण्यापूर्वी वीस वर्षे ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नोकरीला होते.

अमेरिका-ब्रिटनबाहेरच्या मोठ्या देशांनी तर हे नाते आणखी घट्ट बांधले. मॉस्कोतील आंतरराष्ट्रीय संबंधांची राज्य संस्था 1944 पासून थेट परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि तेथे पन्नासांहून अधिक भाषा शिकवल्या जातात. बीजिंगमधील परराष्ट्र व्यवहार विद्यापीठ 1955 चे आहे. ब्राझीलने 1945 मध्ये रिओ ब्रांको संस्था काढली. तिच्या प्रवेशपरीक्षेत उत्तीर्ण होणे म्हणजेच मुत्सद्दी सेवेत दाखल होणे, अशी तेथील व्यवस्था आहे. या देशांच्या राज्यपद्धती एकमेकींपासून फार भिन्न आहेत, त्यामुळे शिक्षण आणि सेवा यांची सांगड हा कोण्या एका विचारसरणीचा आग्रह आहे, असे म्हणता येत नाही.

भारताने वेगळी वाट धरली. परराष्ट्र सेवा स्थापन करण्याचा निर्णय ऑक्टोबर 1946 मध्ये झाला. सुरुवातीच्या जागा जुन्या आयसीएस अधिकाऱ्यांतून, सैन्यातून आणि संस्थानिक घराण्यांतून भरण्यात आल्या. औंधचे अप्पासाहेब पंत 1948 मध्ये पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले ते याच काळात. पुढची भरती मात्र प्रशासकीय आणि पोलीस सेवांच्या जोडीने एकाच संयुक्त परीक्षेतून होऊ लागली आणि त्या परीक्षेची पहिली तुकडी 1948 मध्ये रुजू झाली. याच सुमारास, 1943 मध्ये स्थापन झालेल्या जागतिक व्यवहार परिषदेने दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये 1955 साली भारतीय आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्था सुरू केली. तिच्यामागे पंडित हृदयनाथ कुंझरू यांचा पुढाकार होता आणि ए. अप्पादोराय हे तिचे पहिले संचालक होते. कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात 1905 साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे दीर्घकाळ अध्यक्ष होते, आणि वस्तुस्थिती गोळा केल्याशिवाय सार्वजनिक प्रश्नावर मत देऊ नये हा गोखल्यांच्या परंपरेतला आग्रह सप्रू हाउसच्या पहिल्या पिढीच्या कामात स्पष्ट दिसतो. एकेका प्रदेशाचा अभ्यास करणारे संशोधक तयार करावेत, त्यांना त्या प्रदेशाची भाषा शिकवावी, शक्य तर तेथे पाठवावे, अशी योजना होती. पुढे 1970 मध्ये ही संस्था जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली.

या संशोधकांना सेवेत घेण्याची तरतूद मात्र कोणी केली नाही. परराष्ट्र सेवेत जायचे तर संयुक्त परीक्षा द्यायची, आणि त्या परीक्षेत इतिहास, भूगोल, मानवशास्त्र, अभियांत्रिकी किंवा मराठी वाङ्मय घेऊन बसणारा उमेदवार आणि पश्चिम आशियावर पाच वर्षे संशोधन केलेला उमेदवार यांच्यात काहीही फरक करायचा नाही, हे तत्त्व ठरले. कोठारी समितीच्या शिफारशींनुसार 1979 पासून पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत अशी त्रिस्तरीय रचना आली तरी हे तत्त्व तसेच राहिले. निवड झालेल्यांना शिकवायचे काम मग खात्यालाच करावे लागते, आणि त्यासाठी 1986 मध्ये परराष्ट्र सेवा प्रशिक्षण संस्था निघाली. आज सुषमा स्वराज यांच्या नावाने ओळखली जाणारी ही संस्था दिल्लीत जेथे आहे तो परिसर जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा जुना परिसर म्हणून ओळखला जातो. एवढ्या जवळिकीनंतरही एकाच शहरात एक संस्था आंतरराष्ट्रीय संबंधांचे पदवीधर तयार करते आणि दुसरी ज्यांनी तो विषय कदाचित कधीच शिकलेला नाही अशांना तो पहिल्यापासून शिकवते. सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने यासारखी उधळपट्टी विरळाच.

तरीही संयुक्त परीक्षेची बाजू दुबळी नाही, आणि तिच्यावर टीका करणाऱ्यांनी ती नीट समजून घेतली पाहिजे. परराष्ट्र सेवा हा जगात जवळपास सर्वत्र घराणेदारांचा आणि राजधानीत वाढलेल्यांचा व्यवसाय होता. आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी अनिवार्य केली असती, तर ती पदवी देणाऱ्या चार-दोन विद्यापीठांपर्यंत पोहोचण्याची ऐपत असलेल्यांपुरतीच ही सेवा उरली असती. संयुक्त परीक्षेने ती चौकट मोडली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाट या गावातून आलेले ज्ञानेश्वर मुळे 1983 मध्ये परराष्ट्र सेवेत दाखल झाले आणि सचिवपदापर्यंत पोहोचले. मुंबईतल्या विदेश भवनाची 2017 मध्ये प्रत्यक्षात आलेली कल्पना त्यांचीच. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, आरक्षण लागू आहे, मूल्यमापन निनावी आहे. ही परीक्षा मोडीत काढून तिच्या जागी विद्यापीठांच्या शिफारसपत्रांचा कारभार आणला, तर जे मिळेल त्यापेक्षा गमावले जाईल ते कितीतरी मोठे असेल. दोष या दाराचा नाही. एवढ्या मोठ्या वाड्याला एकच दार ठेवले, हा आहे.

वाड्याचा आकारही येथे सांगितला पाहिजे. परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांची संख्या सुमारे एक हजार आहे आणि दरवर्षी तीस-चाळीसच्या आसपास, क्वचित त्याहून अधिक, जागा भरल्या जातात. एकशे चाळीस कोटींच्या देशासाठी हा आकडा इतका लहान आहे, की देशभरातील आंतरराष्ट्रीय संबंध, संरक्षणशास्त्र आणि राज्यशास्त्र यांच्या पदव्युत्तर वर्गांतून बाहेर पडणाऱ्यांचे भवितव्य त्याच्याशी जोडणे हाच मुळात भाबडेपणा ठरतो. तरीही ते जोडले जाते. परिणामी पदवीचा वर्ग हा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी वसतिगृहाची खोली आणि ग्रंथालयाचे कार्ड मिळवण्याचे साधन बनतो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत आणि दिल्लीत राजेंद्र नगरात असे हजारो विद्यार्थी आढळतात, ज्यांचे नाव विद्यापीठाच्या पटावर असते आणि लक्ष पूर्वपरीक्षेच्या तारखेवर. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या पदवीला व्यवसायात किंमत नाही तिच्याकडे कोणीही असेच पाहील. पण यामुळे अध्यापकासमोर बसलेल्या वर्गाला जपानी व्याकरणात किंवा सागरी कायद्यात रस घेण्याचे कारणच उरत नाही, आणि अभ्यासक्रम हळूहळू परीक्षेच्या टिपणांच्या पातळीवर येतो.

सेवा आणि अभ्यास यांच्यात एकेकाळी एक पूल होता आणि त्याने काय साधले हे तपशिलात पाहण्यासारखे आहे. परराष्ट्र मंत्रालयात ऐतिहासिक विभाग नावाची शाखा होती आणि 1950 च्या दशकात इतिहासकार सर्वपल्ली गोपाल हे तिचे संचालक होते. चीनबरोबरचा सीमावाद चिघळल्यावर 1959 मध्ये गोपाल लंडनला गेले, इंडिया ऑफिसमधील जुने नकाशे, पत्रव्यवहार आणि सर्वेक्षणाचे कागद त्यांनी चाळले, आणि अक्साई चीनवरील भारताचा दावा चीनच्या दाव्याहून भक्कम असल्याचा निष्कर्ष नेहरूंपुढे ठेवला. पुढच्या वर्षी दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांच्या बैठका पीकिंग, दिल्ली आणि रंगून येथे झाल्या. भारतीय चमूचे नेतृत्व जगत मेहता यांच्याकडे होते आणि गोपाल त्या चमूत होते. 1961 मध्ये प्रसिद्ध झालेला त्या बैठकांचा अहवाल आजही सीमाप्रश्नाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. या ज्ञानाचा परिणाम काय झाला यावर मतभेद आहेत. कागदोपत्री बाजू भक्कम असल्याची खात्री पटल्यामुळेच दिल्लीची देवघेवीची तयारी कमी झाली, असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि खात्यात बसलेला इतिहासकार अखेर खात्याचा वकील होतो, हा धोका त्या प्रकरणातून खरोखर दिसतो. त्यावर खरा उपाय खात्याबाहेरही तितकेच सक्षम इतिहासकार असणे आणि त्यांना तेच कागद पाहता येणे हा होता. इतिहासकाराला खात्यातून घालवणे हा नव्हे. प्रत्यक्षात ऐतिहासिक विभाग पुढे क्षीण होत गेला आणि बाहेरच्यांना कागद मिळणेही दुरापास्त राहिले.

कागदांचा हा प्रश्न पदव्युत्तर शिक्षणाच्या मुळाशी आहे. अमेरिकी परराष्ट्र खाते आपल्या धोरणाची मूळ कागदपत्रे 1861 पासून खंडाखंडांनी प्रसिद्ध करत आले आहे, आणि 1991 च्या कायद्याने ती तीस वर्षांच्या आत प्रसिद्ध करण्याचे बंधन त्या खात्यावर आहे. भारतातही 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे आणि पंचवीस वर्षांहून जुने अभिलेख राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावेत असे तो सांगतो. काही हजार फायली गेल्या दोन दशकांत तेथे पोहोचल्याही आहेत, पण अनियमितपणे आणि मधूनमधून तुटलेल्या मालिकांच्या रूपात. त्यामुळे 1971 च्या युद्धावर प्रबंध लिहिणाऱ्या पुण्यातल्या विद्यार्थ्याला निक्सन आणि किसिंजर यांच्यातले संभाषण घरबसल्या वाचता येते, आणि भारताच्या मंत्रिमंडळात त्याच दिवसांत काय चर्चा झाली हे जाणण्यासाठी पंतप्रधानांचे तेव्हाचे सल्लागार पी. एन. हक्सर यांच्या खासगी कागदपत्रांसारख्या संग्रहांवर विसंबावे लागते. ज्याला स्वतःच्या देशाचे निर्णय दुसऱ्या देशाच्या दप्तरातून वाचावे लागतात, त्याच्या विश्लेषणात त्या दुसऱ्या देशाची दृष्टी नकळत शिरणे अटळ आहे.

सिद्धान्तांच्या बाबतीतही तेच घडले आहे. स्टॅनली हॉफमन यांनी 1977 मध्येच या विषयाला अमेरिकी सामाजिक शास्त्र म्हटले होते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पसरलेल्या हितसंबंधांच्या त्या देशाला जे प्रश्न पडले तेच या शास्त्राचे प्रश्न कसे बनले, हे दाखवले होते. भारतातल्या पदव्युत्तर वर्गात पहिल्या सत्रात वास्तववाद शिकवला जातो. राज्ये सत्तेच्या हेतूने वागतात आणि त्यांच्यावर कोणतीही वरिष्ठ सत्ता नसते, असे मानणारी ही विचारपद्धती हान्स मॉर्गेन्थाऊ यांच्या 1948 च्या आणि केनेथ वॉल्ट्झ यांच्या 1979 च्या ग्रंथांतून समजावली जाते. त्यानंतर उदारमतवाद येतो, मग रचनावाद येतो, आणि भारतीयत्वाची सोय म्हणून कौटिल्याच्या मंडल सिद्धान्ताचे एक प्रकरण जोडले जाते. यातले काहीही निरुपयोगी नाही. पण नेपाळच्या तराईतल्या राजकारणाचा, म्यानमारच्या राखाइन किनाऱ्याचा किंवा ओमानमधल्या भारतीय मजुरांच्या करारांचा निर्णय करताना ज्या गोष्टी माहीत असाव्या लागतात, त्या या चौकटीत कोठेच बसत नाहीत.

मराठी माणसाला यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील, म्हणजे दरबारी प्रतिनिधी, वर्षानुवर्षे परक्या दरबारांत राहत. दिल्लीत हिंगणे घराण्यातील माणसे होती, निजामाकडे गोविंदराव काळे होते, आणि त्यांच्या पत्रांतून दरबारातील गटबाजी, वजिराची प्रकृती, सैन्याचा थकलेला पगार, बाजारातली अफवा असा सगळा ऐवज पुण्याला पोहोचत असे. फारसी पत्रव्यवहारासाठी पारसनीस नेमलेले असत. ही माणसे कोणत्याही सिद्धान्ताचा आधार घेत नव्हती, आणि सिद्धान्त नसल्यामुळे त्यांना काही गोष्टी दिसल्याही नाहीत. युरोपातल्या सत्तास्पर्धेचा आणि कंपनी सरकारच्या आर्थिक बळाचा अंदाज पुण्याच्या दरबाराला वेळेवर आला नाही. तरीही ज्या दरबारात ते बसले होते त्याची नाडी त्यांना कळत होती, आणि आजच्या पदवीधराकडे नेमकी तीच गोष्ट नसते. विसाव्या शतकात वसंत वासुदेव परांजपे चीनमध्ये विद्यार्थी म्हणून राहून चिनी शिकले आणि नेहरूंच्या चिनी नेत्यांशी झालेल्या भेटींत दुभाषी म्हणून बसले. पुढे ते राजदूतही झाले. चिनी जाणणारे विजय गोखले बीजिंगमध्ये राजदूत होते आणि 2018 ते 2020 या काळात परराष्ट्र सचिव. ही परंपरा व्यक्तींच्या चिकाटीवर टिकली. परराष्ट्र सेवेत निवड झालेल्या प्रत्येकाला एक परकी भाषा सक्तीने शिकावी लागते ही व्यवस्था चांगली आहे. पण तिशीच्या उंबरठ्यावर, निवडीनंतर, भाषेचे पहिले अक्षर गिरवणारा अधिकारी आणि अठराव्या वर्षापासून तीच भाषा शिकलेला पदवीधर यांच्यात जे अंतर असते ते दोन वर्षांच्या प्रशिक्षणाने भरून निघत नाही.

भाषेइतकेच महत्त्व एखाद्या कठीण, तांत्रिक विषयाला आहे, आणि येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या कोलंबिया विद्यापीठाने 1946 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहारांची स्वतंत्र शाळा काढली, तेथेच आंबेडकर 1913 मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर गेले होते आणि त्यांनी अर्थशास्त्र व सार्वजनिक वित्त हे विषय हाताळले. ऑक्टोबर 1951 मध्ये मंत्रिपदाच्या राजीनाम्याची कारणे सांगताना त्यांनी परराष्ट्र धोरणावर जी टीका केली, तिचा आधार अंदाजपत्रक हा होता: साडेतीनशे कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे एकशे ऐंशी कोटी सैन्यावर खर्च होतात, आणि गरजेच्या वेळी मदतीला येईल असा मित्र आपल्या धोरणाने राखलेला नाही म्हणून हा भार एकट्याने वाहावा लागतो, अशी त्यांची मांडणी होती. ती मान्य करावी की नाही, हा वेगळा प्रश्न. अलिप्ततेच्या समर्थकांनी तिला उत्तरे दिली आहेत. पण धोरणाची किंमत रुपयांत मोजणारा हा युक्तिवाद ज्या तयारीतून आला ती तयारी आंतरराष्ट्रीय संबंधांच्या आजच्या अभ्यासक्रमात मिळत नाही.

सिंधू जलकराराचा इतिहासही हेच सांगतो. 1960 च्या त्या कराराच्या वाटाघाटींत भारताची बाजू निरंजन गुलाटी या अभियंत्याने सांभाळली. चिनाबवरील बगलिहार प्रकल्पावरून वाद झाला तेव्हा जागतिक बँकेने नेमलेला तटस्थ तज्ज्ञ, रेमंड लाफित, हाही स्वित्झर्लंडचा स्थापत्य अभियंताच होता, आणि फेब्रुवारी 2007 मधला त्याचा निर्णय धरणाच्या माथ्यावर पाण्याच्या पातळीपेक्षा किती उंची मोकळी ठेवायची यासारख्या मुद्द्यांवर होता: ती साडेचार मीटरऐवजी तीन मीटर असावी, पाणीसाठा थोडा कमी करावा, दरवाजे असलेला सांडवा मात्र चालेल. दोन अण्वस्त्रधारी देशांमधला हा वाद दीड मीटर भिंतीवर आला होता. एप्रिल 2025 मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर भारताने हा करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. यापुढे तो पुन्हा सुरू होवो की नवा होवो, गाळ, साठा आणि सांडवे समजणाऱ्या वाटाघाटीकारांची गरज कमी होणार नाही. कोकणातल्या बागायतदाराला याच जातीचा अनुभव 2014 मध्ये आला. त्या वर्षीच्या 1 मेपासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, कारण आदल्या वर्षी दोनशेहून अधिक खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. आंब्याबरोबर वांगी, अळू, कारली आणि पडवळ यांनाही दारे बंद झाली. आंब्यावरची बंदी 2015 च्या सुरुवातीला उठली ती तपासणी आणि प्रक्रिया यांची व्यवस्था सुधारल्याचे युरोपीय निरीक्षकांना पटल्यावर. हापूसच्या पेटीसाठी झालेली ही मुत्सद्देगिरी कीटकशास्त्र, व्यापार कायदा आणि ब्रुसेल्समधली कार्यपद्धती या तिन्हींची माहिती मागत होती, आणि अशी माहिती असलेली माणसे राज्य सरकारच्या पणन खात्यात, निर्यातदारांच्या संघटनांत, बंदरांवर आणि विमा कंपन्यांत लागतात. आंतरराष्ट्रीय व्यवहारांतली नोकरी म्हणजे राजदूताची मोटार, ही कल्पना सोडली तर काम पुष्कळ आहे.

परदेशातून ही पदवी घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसमोरचे चित्र वेगळे आहे, सोपे मात्र नाही. अमेरिकेतील नामांकित शाळांत दोन वर्षांचा एकूण खर्च एक लाख डॉलरच्या सहज वर जातो. तेथे मिळते ती मुख्यतः ओळखीपाळखींची आणि इंटर्नशिपची, म्हणजे नोकरीपूर्व उमेदवारीची, सोय. आणि त्या उमेदवारीचा मोठा भाग बिनपगारी असतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सचिवालयात उमेदवारांना वेतन मिळत नाही. 2015 मध्ये न्यूझीलंडचा एक बावीस वर्षांचा उमेदवार जिनिव्हात तंबू ठोकून राहिला आणि या प्रथेकडे त्याने जगाचे लक्ष वेधले. संयुक्त राष्ट्रसंघातल्या कायम पदांसाठी तरुण व्यावसायिकांची जी परीक्षा होते तिला बत्तीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि कोणत्या देशाचे नागरिक बसू शकतील हे दरवर्षीच्या यादीवर ठरते. कनिष्ठ अधिकाऱ्यांची आणखी एक योजना आहे, पण तिच्यातल्या पदांचा खर्च सामान्यतः श्रीमंत देशांची सरकारे आपल्या नागरिकांसाठी उचलतात. शिवाय अमेरिकेत पदवीनंतर कामाची मुदतवाढ विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळते, आणि आंतरराष्ट्रीय संबंधांच्या बहुतेक पदव्या त्या वर्गात मोडत नाहीत. त्यात 2025 हे वर्ष आले. अमेरिकेची विकाससाहाय्य संस्था जुलैमध्ये संपुष्टात आली, त्याच महिन्यात परराष्ट्र खात्याने तेराशेहून अधिक कर्मचारी कमी केले, आणि जगभरच्या ज्या स्वयंसेवी संस्था या पैशावर चालत होत्या त्यांतील नोकऱ्याही त्याबरोबर गेल्या. कर्ज काढून ही पदवी घेण्याचा सल्ला आजघडीला कोणीही जबाबदारीने देऊ शकणार नाही. पूर्ण शिष्यवृत्ती असेल, किंवा राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारखा आधार असेल, तर गोष्ट निराळी.

देशातील विचारसंस्थांनी या पदवीधरांच्या बेरोजगारीवर काही प्रमाणात उतारा दिला आहे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना 1965 मध्ये दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था निघाली, के. सुब्रह्मण्यम यांनी तिला नाव मिळवून दिले आणि 2020 मध्ये गोव्याचे मनोहर पर्रीकर यांचे नाव तिला देण्यात आले. मुंबईत 2009 पासून गेटवे हाउस आहे. तरीही या संस्थांची ताकद अल्प, पगार माफक आणि नेमणुका मुदतीच्या असतात, आणि तेथून परराष्ट्र मंत्रालयात जाण्याचा मार्ग धोरण नियोजन विभागातील काही सल्लागारपदांपलीकडे जात नाही. एस. जयशंकर यांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून आण्विक मुत्सद्देगिरीवर डॉक्टरेट मिळवली आणि ते परराष्ट्र सचिव व मंत्रीही झाले, हे उदाहरण या विवेचनाविरुद्ध नेहमी पुढे केले जाते; पण त्यांनाही सेवेत येण्यासाठी संयुक्त परीक्षाच द्यावी लागली होती, आणि त्या परीक्षेला त्यांच्या संशोधनाशी काही कर्तव्य नव्हते.

बाहेरच्या तज्ज्ञांना थेट वरच्या पदांवर आणणे हा उपाय सध्या चर्चेत असतो. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने पंचेचाळीस पदांसाठी अशी जाहिरात दिली आणि आरक्षणाची तरतूद नसल्याच्या आक्षेपांवरून ती तीन दिवसांत मागे घ्यावी लागली. तो आक्षेप रास्त होता. मुलाखतीवर आणि शिफारशीवर भरलेली पदे ओळखीच्या माणसांकडे जातात, आणि परराष्ट्र सेवेत तर ही जुनी घराणेशाही मागच्या दाराने परत येण्याची भीती अधिक आहे. पण याचा अर्थ विषयाचे ज्ञान आणि खुली स्पर्धा एकत्र नांदू शकत नाहीत असा होत नाही. 1961 पासून भारतीय अर्थ सेवा अस्तित्वात आहे; तिच्या परीक्षेला बसण्यासाठी अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोगच घेतो, उत्तरपत्रिका निनावी तपासल्या जातात आणि आरक्षणही पाळले जाते. त्याच धर्तीवर चिनी, अरबी, फारसी, बर्मी, नेपाळी किंवा पोर्तुगीज या भाषांपैकी एकीत, किंवा व्यापार कायदा, जलव्यवस्थापन व सागरी कायदा यांपैकी एखाद्या विषयात पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी दरवर्षी पंधरा-वीस जागांची स्वतंत्र परीक्षा ठेवण्यात प्रशासकीयदृष्ट्या नवे असे काहीच नाही. गोव्यात पोर्तुगीज अजून शिकवली जाते आणि पुण्यात जपानी व जर्मन शिकणाऱ्यांची मोठी संख्या आहे. अशी परीक्षा जाहीर झाली, तर या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या अध्यापकांना अभ्यासक्रम कोणत्या दिशेने न्यायचा, हे सांगण्यासाठी वेगळ्या परिपत्रकाची गरज पडणार नाही.